एका एएनएवर मुलाचा ल्युपस ठरत नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. लॅबमध्ये येणारे आईवडील मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, ‘मॅडम, ही टेस्ट करून द्या.’ मजकूर साधारण असा:

‘सर्व पालकांसाठी महत्त्वाचे. मुलाला सारखा ताप, सांधेदुखी, थकवा, केस गळणे असेल तर लगेच एएनए ही एकच रक्ततपासणी करून घ्या. पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस, निगेटिव्ह आली म्हणजे काळजी मिटली. बाकीच्या तपासण्या डॉक्टर उगाच करायला लावतात. ल्युपस असलेल्या मुलांनी दर महिन्याला एएनए करावी, आकडा उतरला की स्टिरॉइड बंद करता येते. किडनीची बायोप्सी आता जुनी झाली, परदेशात नुसत्या लघवीवरून सगळे कळते.’

एएनएच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली वाचणं हे माझं रोजचं काम आहे. या मेसेजमधलं एक विधान बऱ्याच अंशी खरं आहे. बाकीची चुकीची आहेत, आणि त्यातलं एक तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस.’

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करते. एएनए ही तपासणी ती प्रतिपिंडं शोधते. आम्ही मुलाचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव, पातळ करून काचेवरच्या मानवी पेशींवर टाकतो. केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडं त्यात असतील तर चमकणाऱ्या रंगामुळे केंद्रकं हिरवी दिसतात. मग सीरम आणखी पातळ करत जायचं आणि चमक कुठवर टिकते ते पाहायचं. रिपोर्टवर १:८० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ऐंशी पट पातळ केल्यावरही चमक दिसली, एवढाच.

ही चमक निरोगी माणसांतही दिसते. १९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून २० ते ६० वयाच्या निरोगी लोकांची तपासणी केली होती. १:४० ला जवळजवळ ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० लाही ३ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघाली. निरोगी मुलांमधले आकडे पाहणीगणिक बदलतात, पण पॉझिटिव्ह मुलं प्रत्येक पाहणीत सापडतात.

आता गणित करू. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजांनुसार लाखात साधारण ३ ते ९ मुलांना ल्युपस असतो. आपण सढळपणे १० धरू. लाख मुलांची सरसकट एएनए केली आणि त्यातली दहा टक्केच पॉझिटिव्ह निघाली, तरी हातात १०,००० पॉझिटिव्ह रिपोर्ट येतील. ल्युपसची मुलं त्यात १०. कुणी म्हणेल, आम्ही सरसकट कुठे करतो, लक्षणं असलेल्याच मुलांची करतो. खरं आहे, त्यामुळे शक्यता थोडी वाढते. पण मेसेजमधली लक्षणं पाहा: ताप, सांधेदुखी, थकवा, केस गळणं. पावसाळ्यानंतर डेंग्यू आणि चिकुनगुनियाने आपल्याकडची किती मुलं अशीच दिसतात! चिकुनगुनियात पुरळ येतं, सांधे सुजतात, पांढऱ्या पेशी कमी होतात. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि पुन्हा उगवतात. एवढ्या लक्षणांवर एएनए केली तर खोटा धाक मिळण्याची शक्यता खऱ्या निदानापेक्षा कितीतरी जास्त.

ल्युपस सोडून एएनए पॉझिटिव्ह येण्याची कारणंही बरीच आहेत. विषाणूंचे संसर्ग, टीबी, थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार, टीबीवरचं आयसोनियाझिड, आकडीवरची काही औषधं. काही मुलांच्या स्लाइडवर दाट, बारीक ठिपक्यांचा एक विशिष्ट नमुना दिसतो, डीएफएस-७० नावाच्या प्रतिपिंडाचा. तो एकटाच असेल तर ल्युपसच्या बाजूचा पुरावा उलट कमी होतो, कारण ल्युपसच्या रुग्णांपेक्षा निरोगी माणसांत तो अधिक सापडतो. रिपोर्टवर नमुना लिहिलेला असतो तो याचसाठी. पालक मात्र ‘पॉझिटिव्ह’ या लाल अक्षरांपाशीच थांबतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, रिपोर्ट तसेच छापलेले असतात.

एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तीन-चार वर्षांची मुलगी, एक गुडघा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला, सकाळी लंगडते, एएनए पॉझिटिव्ह. या वयात ल्युपस अगदी क्वचित होतो. हा बहुधा लहान मुलांचा संधिवात असतो, आणि त्यात पॉझिटिव्ह एएनएचा अर्थ पूर्ण वेगळा आहे: या मुलीच्या डोळ्यांच्या आत सूज येण्याचा धोका जास्त आहे. ती सूज दुखत नाही, डोळा लालही होत नाही, आणि नजर हळूहळू जाते. तिला तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्प तपासणीसाठी न्यायचं असतं, आणि पुढे दर काही महिन्यांनी. मेसेज वाचून घरचे ‘ल्युपस, ल्युपस’ म्हणत बसले तर जे करायला हवं तेच राहून जातं.

२०१९ साली युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ल्युपसच्या वर्गीकरणाचे नवे निकष दिले. त्यात १:८० किंवा त्याहून जास्त एएनए ही फक्त आत शिरण्याची अट आहे. खुद्द एएनएला गुण शून्य. पुढे प्रत्येक गोष्टीला वजन दिलेलं आहे: सांध्यांना सूज ६, डीएस-डीएनए किंवा एसएम ही ल्युपसमध्ये खास सापडणारी प्रतिपिंडं ६, सी३ आणि सी४ ही रक्तातली, प्रतिकारशक्तीला साथ देणारी पूरक प्रथिनं दोन्ही कमी असतील तर ४, लघवीतून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रथिन ४, किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात त्या बायोप्सीत तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गाचा, म्हणजे तीव्र प्रकारचा, किडनीचा आजार १०. एकूण किमान १० गुण हवेत आणि त्यात निदान एक गोष्ट आजाराने अवयवांवर किंवा रक्तपेशींवर केलेल्या परिणामाची हवी, नुसत्या प्रतिपिंडांच्या आणि पूरक प्रथिनांच्या आकड्यांवर भागत नाही. तेही संशोधनासाठी रुग्ण निवडायचे निकष आहेत, मुलाचं निदान त्याला तपासणारा डॉक्टरच करतो.

‘निगेटिव्ह आली म्हणजे काळजी मिटली.’

मेसेजमधलं बरंचसं खरं विधान हेच. ल्युपसच्या ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांत एएनए पॉझिटिव्ह असते, त्यामुळे ती नीट पद्धतीने केलेली असून निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता फारच कमी होते. पण मुलांच्या बाबतीत एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. सी१क्यू किंवा सी२ यांसारखी पूरक प्रथिनं जन्मतःच नसलेल्या मुलांना फार लहान वयात ल्युपस होऊ शकतो, आणि त्यांच्यापैकी काहींची एएनए निगेटिव्ह किंवा अगदी कमी असते. आईवडील नात्यातले असतील, भावंडालाही असाच आजार असेल, मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर डॉक्टर निगेटिव्ह रिपोर्टवर थांबत नाहीत. आणि काळजी मिटली म्हणजे काय? महिनाभर ताप असलेल्या मुलाची एएनए निगेटिव्ह आली तरी तो ताप कशाचा हे शोधायचं राहतंच. टीबी आणि रक्ताचा कर्करोग दोन्ही सांधेदुखीचं सोंग घेऊन येतात.

‘बाकीच्या तपासण्या डॉक्टर उगाच करायला लावतात.’

हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण ल्युपसचं खरं चित्र ‘बाकीच्या’ तपासण्यांतूनच उभं राहतं.

एकाच तपासणीवर विसंबण्याची चूक वैद्यकशास्त्राने पूर्वीही केलेली आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली, एलई पेशी. पुढे अनेक वर्षं ती ल्युपसची खूण मानली गेली. नंतर ती दुसऱ्या आजारांतही सापडू लागली, ल्युपसच्या कित्येक रुग्णांत सापडेना, आणि आज तपासण्यांच्या यादीत ती नाही.

डीएस-डीएनए प्रतिपिंड ल्युपसशी जास्त पक्कं बांधलेलं आहे, आणि बऱ्याच मुलांत किडनीचा आजार भडकताना ते वाढतं. एसएम प्रतिपिंड थोड्याच रुग्णांत सापडतं, पण सापडलं तर पुरावा भक्कम. मात्र डीएस-डीएनएही कोणत्या पद्धतीने मोजलं याला महत्त्व आहे. एलायझा पद्धतीत किंचित वाढलेला आकडा अनेकदा फसवा निघतो, तेव्हा क्रिथिडिया नावाच्या एकपेशीय जिवावर करायची तपासणी करून खात्री करावी लागते.

सी३ आणि सी४ ही पूरक प्रथिनं. ल्युपस सक्रिय असतो तेव्हा ती खर्ची पडतात आणि रक्तात कमी होतात. इथे आपल्याकडच्या पालकांनी एक गोष्ट जरूर समजून घ्यावी. घसा सुजल्यावर किंवा खरजेच्या फोडांत पू झाल्यावर काही आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजतो, लघवी चहासारखी किंवा कोलासारखी लाल-काळी होते, रक्तदाब वाढतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतर होणारा हा किडनीचा दाह आपल्या देशात अजून खूप दिसतो. त्यातही सी३ चांगलंच उतरतं. सी४ बहुधा ठीक असतं, आणि सी३ साधारण सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जागेवर येतं. तेव्हा पुन्हा मोजायचं. आलं नाही, तर किडनीच्या दुसऱ्या आजारांचा विचार करायचा आणि त्यात ल्युपसही येतो. तीच तपासणी दोन महिन्यांनी परत सांगणारा डॉक्टर पैसे काढत नसतो, या दोन आजारांत फरक करत असतो.

ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांबद्दलही. बहुतेक दाहांत दोन्ही एकत्र वाढतात. ल्युपस भडकतो तेव्हा ईएसआर वाढतो आणि सीआरपी बऱ्याचदा जवळपास नॉर्मलच राहतो. ल्युपसमध्ये जोरावर असलेलं इंटरफेरॉन सीआरपी तयार होऊ देत नाही, असं त्याचं एक कारण मानलं जातं. त्यामुळे स्टिरॉइडवर असलेल्या ल्युपसच्या मुलाला ताप आला आणि सीआरपी खूप चढलेला दिसला, तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज असली तरी तो चढतो, पण संसर्ग नजरेआड करून चालत नाही. आणि कधी ईएसआर अचानक उतरला तरी घाबरावं लागतं. ताप चालूच, प्लेटलेट्स घसरतायत, फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन हजारोंत गेलंय आणि ईएसआर मात्र खाली आलाय, हे चित्र मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोमचं, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम होते त्या जीवघेण्या अवस्थेचं, असू शकतं. त्यात रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन संपत जातं म्हणून ईएसआर उतरतो. असं मूल त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचायला हवं. एकच आकडा सुधारला म्हणून घरी सुटकेचा श्वास सोडला तर किती घात होईल याचा विचार करा.

आणि लघवी. यादीतली ही सर्वांत स्वस्त तपासणी, जिच्याकडे सर्वांचंच दुर्लक्ष होतं. ल्युपसच्या एकूण रुग्णांपैकी १० ते २० टक्क्यांचा आजार अठराच्या आत सुरू होतो, आणि मुलांमधला ल्युपस मोठ्यांपेक्षा तीव्र असतो. निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांची किडनी त्यात सापडते, बहुतेकांची पहिल्या दोन वर्षांत. सुरुवातीला काहीही दुखत नाही. मूल शाळेत जात असतं, खेळत असतं, आणि लघवीतून प्रथिन जात असतं. म्हणून लघवीची साधी तपासणी, त्यातल्या लाल पेशी आणि कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार होणारे साचे) सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, प्रथिन आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचं गुणोत्तर, आणि मुलाच्या मापाच्या पट्ट्याने घेतलेला रक्तदाब. नमुना सकाळी उठल्या उठल्या पहिल्या लघवीचा द्यावा. वयात येणाऱ्या काही निरोगी मुलांच्या लघवीत दिवसभर उभं राहिल्याने थोडं प्रथिन उतरतं, सकाळच्या नमुन्यात ते दिसत नाही. मुलीची पाळी चालू असेल तर तसं लॅबला सांगावं, संकोच करू नये.

‘दर महिन्याला एएनए करा, आकडा उतरला की स्टिरॉइड बंद.’

मला सर्वांत धोकादायक वाटतं ते हे वाक्य.

एएनएचा आकडा आजाराच्या चढउताराबरोबर हलत नाही. आजार पूर्ण शांत असलेल्या मुलांतही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. १:६४० चं १:३२० झालं तर ते एका पायरीचं अंतर आहे. तेच सीरम दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तंत्रज्ञाने वाचलं तरी एवढा फरक पडू शकतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजीने मुलांच्या संदर्भात स्पष्ट सांगितलं आहे की ल्युपसचं निदान झालेल्या मुलात एकदा खात्रीने पॉझिटिव्ह आलेली एएनए पुन्हा करू नये. लॅबचं उत्पन्न बुडतं म्हणून हे सांगायचं कुणी टाळत असेल तर ते मला अजिबात पटत नाही.

स्टिरॉइडबद्दल पालकांच्या मनात जे असतं ते मी जाणते. चेहरा सुजतो, वजन वाढतं, मुरमं येतात, उंची अडते. तेरा वर्षांच्या मुलीला आरशात पाहवत नाही, ती गोळ्या लपवून ठेवते. औषध लवकर कमी व्हावं असं तिच्या डॉक्टरांनाही वाटत असतं, बाकीची औषधं जोडून देतात ती त्याचसाठी. पण काही आठवडे स्टिरॉइड चालू असलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो, साखर उतरू शकते, मूल दगावू शकतं. वर ल्युपस उसळतो तो वेगळाच. डोस नेहमी पायरीपायरीने, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच उतरवायचा.

मग लक्ष कशावर ठेवायचं? डीएस-डीएनए, सी३, सी४, रक्तपेशींची गणना, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, लघवी, रक्तदाब, आणि तपासणारे डॉक्टर. यातलाही कुठला आकडा एकटा हुकूम देत नाही. काही मुलांत डीएस-डीएनए आजाराच्या पुढे पुढे चालतं, काहींत ते कायम जास्त असतं आणि मूल ठणठणीत असतं. अशा वेळी नुसत्या आकड्यासाठी स्टिरॉइड वाढवत नाहीत, भेटी लवकर ठेवतात आणि लघवीवर नजर ठेवतात. सी४ काहींचं जन्मतःच कमी असतं, कारण त्याच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात. त्या मुलाचं सी४ आजार शांत असतानाही नॉर्मलला येणार नाही. म्हणून माझी पालकांना विनंती असते: शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासण्या करा आणि सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवा. मुलाची तुलना त्याच्याच गेल्या वर्षीच्या आकड्यांशी व्हायला हवी.

‘बायोप्सी जुनी झाली.’

यामागे एक खरी आणि आशादायक गोष्ट आहे, मेसेजने ती वेळेआधीच पूर्ण झाल्याचं सांगून टाकलं आहे. लघवीत सापडणाऱ्या खुणांवर मुलांमध्ये खरंच उत्तम काम चालू आहे. सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयातल्या हर्मिन ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी एनजीएएल, किम-१, एमसीपी-१, ॲडिपोनेक्टिन, हिमोपेक्सिन आणि सेरुलोप्लाझ्मिन या लघवीतल्या सहा प्रथिनांवरून ‘रेल’ हा निर्देशांक तयार केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. किडनीतला दाह किती सक्रिय आहे याचा अंदाज तो देतो. ब्रिटनमधल्या ल्युपसच्या मुलांवर लिव्हरपूलच्या संशोधकांनी अशाच काही प्रथिनांचा दुसरा संच तपासला आहे. नेहमीच्या तपासण्या जिथे कमी पडतात नेमक्या त्या जागी हे काम आहे: लघवीतलं प्रथिन आत्ताच्या सुजेमुळे जातंय की जुन्या व्रणामुळे, हे साध्या गुणोत्तरावरून कळत नाही. सुजेला औषध वाढवायचं असतं, व्रणाला ते देऊन उपयोग नसतो.

पण या चाचण्या रोजच्या उपचारात बायोप्सीच्या जागी आलेल्या नाहीत, परदेशातही नाहीत. किडनीच्या आजारांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या केडिगो संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही ल्युपसमधल्या किडनीच्या निदानाचा पाया बायोप्सीच आहे. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर ०.५ च्या वर टिकून असेल तर तिचा विचार होतो. दुसऱ्या वर्गाच्या आजारात जोरदार औषधं बहुधा लागत नाहीत. चौथ्या वर्गात मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं न देणं म्हणजे किडनी घालवणं. लघवीचा रिपोर्ट दोघांचा सारखा असू शकतो. पोटच्या मुलीच्या पाठीत सुई जाणार म्हटल्यावर आईचा थरकाप होणारच. म्हणून सांगते: सोनोग्राफीवर पाहत, जागा बधिर करून, लहान मुलांना गुंगी देऊन ती करतात. मुख्य धोका रक्तस्रावाचा, त्यासाठी आधी रक्त गोठण्याच्या तपासण्या होतात आणि नंतर मुलाला निजवून लक्ष ठेवतात.

हा मेसेज वाचून तुम्ही एएनए करून बसला असाल आणि ती पॉझिटिव्ह आली असेल, तर पुन्हा एएनए करू नका आणि महागडं ‘एएनए प्रोफाइल’ही स्वतःहून करू नका. मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. गालांवरचं पुरळ, तोंडातल्या टाळूवरचे न दुखणारे व्रण, सकाळी आखडणारे सुजलेले सांधे, डोळ्यांभोवतीची सूज, फेसाळ लघवी, आकडी, उतरणारं वजन यांपैकी काही असेल तर ते आठवून, तारखेसह सांगा. रक्तदाब, लघवी आणि रक्तपेशींची गणना त्याच भेटीत करून घ्या. तिन्ही ठीक असतील आणि डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, तर बहुतेक मुलांना एएनएच्या त्या कागदापायी पुढे काही करावं लागत नाही. काही सापडलं, तर मुलांच्या संधिवाततज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. असे तज्ज्ञ आता मुंबई-पुण्यात आहेत. लांबच्या गावाहून येणार असाल तर त्या सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत घेऊन निघा, आणि ती लवकर लॅबमध्ये पोचणार नसेल तर गेल्यावर नवा नमुना द्या, कारण उशीर झाला की त्यातल्या पेशी आणि कास्ट विरघळून जातात.